भोंग्यावरचं फडकं

कारागंडा, ३ ऑक्टोबर

ती. रौशनआपास सापारचा सलाम, वि. वि.

फोनवर बोलवेना, म्हणून लिहितो. खाणीत गॅस पेटला. आपल्या भावाला, बेकझातला, मीच बाहेर काढलं. चेहरा उरला नव्हता, कमरेच्या पट्ट्यावरून ओळखला. गॅस वाढला की वाजणारा भोंगा ओल्या फडक्यात गुंडाळलेला सापडला. आम्ही पाळीच्या साहेबाला, गेन्नादीला, कपडे बदलायच्या खोलीतून फरफटत आणलं आणि जबडा मोडेपर्यंत मारलं. पहिली लाथ माझी. कंपनीने त्याला लगेच काढून टाकलं. न्याय झाला, असं सगळे म्हणतात.

आईला जप. तुझ्या मायेवरच उभा आहे.

सापार

शिमकेंत, १२ ऑक्टोबर

चि. सापारास अनेक आशीर्वाद.

आई घासही घेत नाही.

आमच्या वॉर्डात एक बाळंतीण रक्त जाऊन दगावली, तेव्हा नातेवाइकांनी नर्सचं डोकं भिंतीवर आपटलं. दवाखान्याने तिलाच हाकललं. गेल्या हिवाळ्यात दुसरीही तशीच गेली. रक्ताच्या कपाटाला रात्री कुलूप लावून मोठे डॉक्टर किल्ली घरी नेतात, हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं. तुला लाथ मारायला सुचलं, विचारायला नाही? गेन्नादीकडे जा. फडकं कुणी बांधलं, का बांधलं, ते कळल्याशिवाय इकडे तोंड दाखवू नकोस.

रागावले तरी तुझीच आहे.

रौशन

कारागंडा, ३० ऑक्टोबर

ती. आपास सलाम.

गेलो होतो. त्याच्या बायकोने उकळता चहा अंगावर फेकला, खांदा भाजला. तारेने बांधलेल्या जबड्यातून गेन्नादी कसाबसा बोलला. फडकं बेकझातने बांधलं होतं. भोंगा वाजला की कोळसा वाहून नेणारा पट्टा थांबतो आणि सगळ्या पाळीचा पगार कापतात. म्हणून प्रत्येक पाळी भोंग्याला फडकं बांधायची. गेन्नादीलाही ठाऊक होतं, वरच्यांनाही.

मी हे कामगारांच्या सभेत सांगितलं. मेलेल्या भावाला बदनाम करतो म्हणून पोरांनी मला तुडवलं. दोन बरगड्या गेल्या. मग म्हातारा केन्झेताय उभा राहिला, म्हणाला, मीही बांधायचो. त्याच्यामागून एकेक जण उठला. पगार कापाल तर खाली उतरणार नाही, असं सगळ्यांनी कंपनीला बजावलं, तेव्हा भोंग्यासाठी पगार कापणं बंद झालं. काल तो वाजला, तर सगळी पाळी वर आली.

आईला बेकझातचं सांगावं का, तू ठरव. मला धीर नाही.

तुझा सापार

शिमकेंत, ८ नोव्हेंबर

चि. सापारास आशीर्वाद.

आईला सांगितलं. तिने माझ्या थोबाडीत मारली. दुसरी मारायला उचललेला हात तसाच राहिला, आणि ती खाली बसली. संध्याकाळी स्वतःहून भाकरी मोडली. तुला एवढंच कळवायला सांगितलंय: "खाणीत नव्यांना भोंग्याचं शिकवाल तेव्हा माझ्या लेकाचं नाव घ्या. लपवू नका."

बरगड्या जप. लवकर ये, आई वाट पाहते.

रौशन