मामांच्या गळाचा निसरडा दांडा

खोडाळा,
रविवार, २६ एप्रिल

श्री. नवसूदादा यांस,

रोहिदासचा सप्रेम नमस्कार. इकडे आम्ही सगळे जागच्या जागी आहोत, तुम्हीही ठाण्यात तसेच असाल अशी आशा. वहिनींची कंबर आता कशी आहे? (कविता म्हणते, चौथ्या मजल्यावर पाण्याच्या कळशा नेऊन कंबर धरत नाही, सुधारते. तुमच्या बहिणीचं मत आहे, मी फक्त पोचवतो.)

तुम्ही म्हणाल, हातात फोन असताना मास्तरांना पत्राची हौस कुठून आली. दादा, आपल्या पाड्यावर रेंज येते ती फक्त मामांच्या ओट्यावर, आणि ओट्यावर सध्या दिवसभर मामा असतात. सासऱ्यांबद्दल त्यांच्याच शेजारी बसून बोलण्याइतका मी शूर असतो, तर मास्तर कशाला झालो असतो? म्हणून हे पत्र. विषय एकच आहे, तुम्ही दिवाळीत त्यांना आणून दिलेला रीळवाला गळ.

वस्तू देखणी, यात वाद नाही. दांडा असा काळाभोर चकचकीत की पहिल्याच दिवशी मामांनी त्यात बघून मिशी सारखी केली. उभा जन्म त्यांनी बांबूच्या काठीला दोरा बांधून डोहातल्या माशांना धाकात ठेवलं, पण लेकाने आणलेला गळ म्हटल्यावर काठी आढ्याला गेली. होळीपर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग तक्रार सुरू झाली की दांडा हातातून निसटतो. दोनदा पाण्यात पडला. तिसऱ्यांदा हातभर मरळ लागली (मामांच्या सांगण्यात ती रोज दोन बोटं वाढते आहे) आणि तिने गळच ओढून नेला. मामा कमरेएवढ्या पाण्यात शिरून गळ घेऊन आले. मरळ अर्थातच आली नाही. त्या दिवसापासून गळ खुंटीला आणि मामा ओट्यावर. तीन आठवडे झाले, डोहाचं नाव काढत नाहीत. आत्या, म्हणजे तुमच्या आई, गेल्या तेव्हासुद्धा हा माणूस दिवसकार्य झाल्यावर डोहावर जाऊन बसला होता, हे तुम्हीच मला सांगितलं आहे. आता भाकरही अर्धीच खातात. मला त्याची भीती वाटली, दादा, खरंच वाटली.

आणि दुसरं म्हणजे रिकामे मामा माझ्या वाट्याला आले. मी दाढी उलटी करतो. गाईला वैरण सुलटी घालत नाही. शाळेतल्या पोरांना पाढे इतके सावकाश शिकवतो की सातवीपर्यंत त्यांना बाराच्या पाढ्यातच म्हातारपण येईल. हे सगळं मला सकाळी सात ते दहाच्या दरम्यान कळतं, म्हणजे शाळेला निघेपर्यंत. तेव्हा मी ठरवलं की काही झालं तरी तो दांडा दुरुस्त करायचा आणि मामांना पुन्हा डोहावर पोचवायचं.

आधी सायकलची जुनी ट्यूब कापून पट्ट्या गुंडाळल्या. कुदळीच्या दांड्याला चालतं ते गळाला का चालू नये? मामांनी अंगणात दोनदा गळ फिरवला, तिसऱ्यांदा तो थेट कोंबडीच्या खुराड्यावर. म्हणाले, रबराला घाम येतो. (रबराला!) मग सुतळी गुंडाळली, एकदम घट्ट, कासऱ्याची गाठ मारून. ती ओली झाल्यावर सैल पडली आणि दांड्यावर गरागरा फिरायला लागली. मग कानस घेऊन दांडाच खरखरीत केला. तुमच्या त्या देखण्या दांड्याचं आता तोंड बघवत नाही, त्याबद्दल माफी असावी. तरीही गळ निसटलाच.

शेवटी मी फणसाकडे वळलो. आपल्याकडे चिकाने पाखरं धरतात, तर त्याने दांडा का धरला जाऊ नये, असा माझा विचार. चांगला कच्चा फणस फोडला आणि दांड्याला वीतभर चीक थापला. ओट्यावरून मामा एकदाच म्हणाले, “मास्तर, त्यात राख कालवाय लागते.” पण मी बी. एड. झालेला माणूस. राखेने चिकाचा जोर कमी होईल असं शास्त्र मी त्यांना समजावून सांगितलं आणि दांडा उजव्या मुठीत घट्ट धरून बघितला. फारच छान धरला गेला. तो सुटेना. सोडवायला डावा हात लावला, तोही तिथेच बसला. दोन्ही हातांनी गळ धरून अंगणात उभा असलेला तुमचा बहिणोई बघायला अख्खा पाडा गोळा झाला. कविताने घाईघाईत कढत पाणी ओतलं, त्याने चीक आणखी मुरला. घरातलं खोबरेल तिने सकाळीच डोक्याला लावून संपवलेलं. शेजारी तेल मागायला ती निघाली, तर मामा उठून उभे राहिले आणि म्हणाले, “तेलबिल नको, मोखाड्याला डाक्टरकडंच नेतो.” तीन आठवड्यांनी त्यांच्या तोंडावर तेज आलं होतं, म्हणून मीही नाही म्हटलं नाही.

मोखाड्याच्या फेऱ्या करणाऱ्या कमलेशच्या जीपमध्ये मी, मामा आणि गळ. गळाचं टोक खिडकीबाहेर. बाजाराला निघालेला जो तो विचारी, मास्तर, कुठल्या डोहावर? मामा माझ्या वतीने उत्तरं देत होते, प्रत्येकाला वेगळं. वळणावर गळ एका बाईच्या पिशवीत अडकला, तेव्हा मामा म्हणाले, बघा, जावयाला लागला एकदाचा मासा. सगळी जीप हसली. मीसुद्धा हसलो, हात मोकळे नसले की माणूस नम्र होतो.

दवाखान्यात पुष्पा सिस्टर होत्या. त्यांनी बघितलं, हसू दाबलं आणि खोबरेलाची बाटली मामांच्या हातात देऊन म्हणाल्या, बाबा, तुम्हीच चोळा यांना. मामांना झाकण उघडेना. इकडून फिरवून झालं, तिकडून झालं, शेवटी दातांत धरलं. सिस्टर त्यांच्या बोटांकडे बघत होत्या. मग त्यांनी मामांना मूठ वळायला सांगितली. दादा, अंगठा आणि पुढची दोन बोटं मिटलीच नाहीत. कधीपासून, असं विचारलं तर मामा म्हणाले, दांडा निसरडा हाये. सिस्टरनी त्यांच्या हातात पेन दिलं. ते खाली पडलं. “आता पेनपण निसरडं का, बाबा?” त्या हळूच म्हणाल्या. मला रडू आलं, आणि पुसायला एकही हात नव्हता.

डॉक्टर म्हणाले, मनगटात शीर दबली असावी, मोठ्या दवाखान्यात तपासून घ्या. वेळेत उपाय झाला तर पकड येईल, उशीर केला तर बोटं अशीच राहतील. मला तेलाने सोडवलं. त्या तेलाने दांडा आता असा झाला आहे की खुंटीवरही ठरत नाही.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला,
रोहिदास

ता. क. – खरं काम आता लिहितो. मी मामांना म्हटलं, ठाण्याला मी घेऊन जातो. तर म्हणाले, जावयाच्या मागनं दवाखान्यात जाणारा मी न्हवं. (स्वतः जावयाला घेऊन गेले होते ते चालतं.) तेव्हा तुम्ही फोन करून एवढं खोटं बोला, की ठाण्यात गळाचे दांडे बसवून देणारा एक कारागीर आहे, पण तो हाताचं माप घेतल्याशिवाय काम करत नाही, म्हणून ज्याचा हात त्यानेच यायला हवं. एकदा तिथे आले की पुढचं तुम्ही बघा.

ता. क. दुसरा, मंगळवार – पत्र पाकिटात घालण्याआधी कविताने वाचायला घेतलं. तुमच्या बहिणीला मनात वाचता येत नाही आणि उजेड फक्त ओट्यावर चांगला. मामांनी मिशीपासून कारागिरापर्यंत सगळं ऐकून घेतलं. मला पळायला जागा नव्हती. मरळ हातभर नव्हे, दीड हात होती, एवढी एक दुरुस्ती त्यांनी सांगितली. मग बोटांकडे बघून म्हणाले, “नवसूला लिव, दांडा चांगला हाये. हातच बिघडलाय माजा. दाखवाय येतो.” तेव्हा खोटं बोलायची गरज नाही, शनिवारी सकाळच्या एसटीने निघतील, स्टँडवर तेवढं घ्यायला या. गळ बरोबर आणत नाहीत. राखेने घासून, धुऊन खुंटीला नीट बांधून ठेवला आहे आणि ताकीद दिली आहे की मी परत येईपर्यंत त्याला जावयाने हात लावायचा नाही.