शेऱ्यांसकट बिऱ्हाड

दि. २ मार्च

चि. भिंगरीस आत्याचे आशीर्वाद, तुला पुरतील तेवढे आणि वर चार जास्त.

पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलेलं बघून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. घरी फोन करावा तर तो तुझा बाप उचलतो आणि माझा आवाज ऐकला की एक शब्द न बोलता तुझ्या हातात देतो. मेल करावी तर माझ्या मेलचा पासवर्ड त्यानेच कधीकाळी लावून दिलेला. तो बदलायचा कसा, हे विचारायला पुन्हा त्याच्याशीच बोलायला हवं. म्हणून हा कागद.

काम असं आहे. आपला कलबुताचा प्रोग्राम ज्या होस्टिंगवाल्यांकडे ठेवलाय, ती मंडळी गाशा गुंडाळताहेत. एकतीस मार्चला दुकान बंद, तोवर आपापला कोड उचला, असं फार गोड शब्दांत कळवलंय. कलबूत म्हणजे बूट ज्याच्यावर चढवून शिवतात तो लाकडी पाय, हे तुला सांगायला नको. लहानपणी त्यातलाच एक बाहुली म्हणून घेऊन झोपायचीस. गिऱ्हाइकाच्या पायाची मापं घातली की त्याच्या कलबुताचा आकार काढून देणारा हा प्रोग्राम मी आणि तुझ्या बापाने मिळून लिहिला. आज नऊ वर्कशॉप तो वापरतात. वाकड्या, आखूड, सुजलेल्या पायांची कितीतरी माणसं त्याच्या जिवावर चालतात.

तर तू या धंद्यातली. कोड ठेवायला बऱ्या जागा कुठल्या, ते बघून, तोलून मला कळव. एकच अट, मी विचारलंय हे बापाला सांगायचं नाही. त्याला ते कळेलच आणि तो सगळ्यावर नाक मुरडेल. मुरडू दे.

लोभ असू दे, आणि अक्षर सुधार.

तुझी
आत्या

दि. ७ मार्च

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र माझ्या टेबलावर पडलं आणि सगळं ऑफिस गोळा झालं. पाकिटातून आलेलं हाताने लिहिलेलं पत्र इथे बऱ्याच जणांनी पहिल्यांदाच पाहिलं. शेजारच्या टेबलवालीने तर कागदाचा वास घेतला. तुझ्या गोंदाचा येतो म्हणे.

आता जागा. पहिली सगळ्यात मोठी. जगातला निम्मा कोड तिथेच राहतो, त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्याला तुझा प्रोग्राम सापडेल आणि कोणीही उपटसुंभ दुरुस्त्या सुचवेल. शिवाय तिथे एक मदतनीस यंत्र आहे. तू ओळ लिहायला घेतलीस की ते ती पुरी करून देतं. तुझं वाक्य दुसऱ्याने पुरं केलं तर काय होतं, हे मी लहानपणापासून पाहत आलेय, म्हणून आधीच सांगून ठेवते.

दुसऱ्या जागी सगळं एका छताखाली. प्रत्येक बदल आपोआप तपासून बघायची फार सुंदर सोय आहे. पण डाव्या बाजूला बटणांची ही रांग! मला स्वतःला पहिल्या दिवशी बाहेर पडायचं बटण सापडलं नाही, लॅपटॉप मिटून पळाले. तिसरी जागा छोटी. हौशी लोकांची संस्था चालवते, फक्त सगळ्यांना खुले असलेले प्रोग्रामच ठेवून घेते. पान स्वच्छ, बटणं मोजकी. कधीकधी दमाने चालते एवढंच. चौथा मार्ग म्हणजे तुझ्या वर्कशॉपमध्येच आपलं मशीन ठेवणं. मग वीज गेली की नऊ वर्कशॉप तुझ्या नावाने बोटं मोडणार. ते नको.

माझ्या मते दुसरी, तपासणीच्या सोयीसाठी. बाबांना मी काहीही सांगितलेलं नाही. तरी काल जेवताना ताटाकडे बघत ते म्हणाले की, जागा बदलायची तर बाहेर पडायचा रस्ता आधी बघावा. म्हणजे कळलंय.

लोभाची एक प्रत सुरक्षित ठेवावी ही विनंती.

तुझी
भिंगरी

दि. १२ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तिन्ही जागी खाती उघडून बसले. मोठीवर दोन दिवसांत एका अनोळखी माणसाने मला चांदणी दिली, प्रोग्राम आवडल्याची खूण म्हणे. का, ते विचारायची सोय दिसली नाही. दुसरीबद्दल तू म्हणतेस ते खरं, बटणं बघून घेरी आली. तिसरीवर मी एक बावळट प्रश्न विचारला, तर सकाळी जिवंत माणसाचं उत्तर आलं, वर कुठल्या पायाला कसले बूट लागतात अशी चौकशी. मी तिसरीवर शिक्का मारलाय. दमाने चालते म्हणतेस, मीही दमानेच चालते.

पण तू एवढं सगळं तोललंस आणि माझ्या मनातलं तेवढं राहिलंच. शेरे येतील का गं?

आता सांगतेच. तुझा बाप, आमचा दशांश, माझ्याशी सहा वर्षं बोलत नाही, पण मी प्रोग्राममध्ये काही बदललं की दुसऱ्या दिवशी त्या ओळीखाली त्याचा शेरा असतो. डाव्याउजव्याचा घोळ झालाय. हा भागाकार शून्याने होईल. इथे दशांश खाल्लास. मी खाली लिहिते, बरं. एवढंच आमचं बोलणं. मागच्या वर्षी एकदा त्याने छान असा शेरा मारला होता. आठवडाभर मी ते पान उघडून बघत होते, तुला हसायचं तर हास.

बिघडलं कशावरून, ते तुला कोणी नीट सांगितलं नसेल. तुझ्या आजीचा एक पाय आखूड होता. तिच्या बुटाची टाच एकवीस मिलिमीटर हवी, प्रोग्रामने पंचवीस काढली. चार मिलिमीटर. बूट नवीन आहे, सवय होईल, असं मीच तिला म्हटलं. चौथ्या दिवशी ती पडली, आणि पुन्हा पायावर उभी राहिली नाही. हिशेब तुझ्या बापाचा. भर वॉर्डात, नर्सच्या देखत मी त्याला म्हणाले की तुझ्या दशांशांनी आईला पाडलं. तो काही बोलला नाही. तेव्हापासून बोललाच नाही. मी बोलले ते फार वाईट बोलले, पण खोटं बोलले असं मला अजून म्हणता येत नाही.

तर बिऱ्हाड हलवायचं ते शेऱ्यांसकट. आणि आपली रीत विसरू नकोस, आधी पुठ्ठ्याचा जोड, मग चामड्याचा. पुठ्ठ्याचा पायात घालून बघितल्याशिवाय चामड्याला कात्री लावायची नाही.

लोभ आहेच, घाई नसावी.

तुझी
आत्या

दि. २ एप्रिल

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

हे पत्र चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहितेय. आधी चांगलं सांगते. कोड नव्या जागी पोचला. पहिल्या दिवसापासूनचा सगळा इतिहासही पोचला. कोणी, कधी, काय बदललं आणि का, त्या एका वाक्याच्या नोंदीसकट. हा इतिहास कोडच्या पोटातच असतो, कोड जाईल तिथे तो जातो.

शेरे मात्र कोडच्या पोटात नसतात गं. ते त्या होस्टिंगवाल्यांच्या कपाटात असतात, आणि हलवताना शेरेही घ्या अशी वेगळी खूण करावी लागते. तू सांगितलंस तशी मी आधी पुठ्ठ्याची फेरी केली. शेऱ्यांना फार वेळ लागत होता, सरावाला कशाला हवेत म्हणून ती खूण काढली. सगळं झकास चाललं. मग ऑफिसात कामाचा डोंगर कोसळला, आणि दहा दिवसांनी मी नवी जागा उघडून बघितली तर प्रोग्राम छान चालत होता. मला वाटलं, झालं की काम. आत्या, मी गिऱ्हाइकाला पुठ्ठ्याचाच जोड देऊन मोकळी झाले. काल लक्षात आलं, तोवर जुनं दुकान बंद. त्यांना तीन मेल केल्या. उत्तर आलं की सगळं पुसलंय, क्षमस्व.

बाबांना सांगितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं विचारलं की सगळेच गेले का, आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

मला काय हवं ते बोल. पण बोल.

तुझी
गाढव भिंगरी

दि. ८ एप्रिल

चि. दशांश यास ताईचे अनेक आशीर्वाद.

हे पाकीट तुझ्या नावाचं आहे, पोरीचं नव्हे. परत पाठवू नकोस, आधी वाच. शेऱ्याची जागा उरली नाही, म्हणून कागदावर लिहितेय.

पोरीवर मी दोन दिवस धुसफुसले, मग तिला फोन करून सांगितलं की चूक कबूल करायला तिने एक दिवस घेतला, आपल्या घराण्यात हा विक्रम आहे. पण हात रिकामे वाटायला लागले. सकाळी चहा घेऊन मशीनसमोर बसायची आणि तुझा शेरा बघायची सवय. शेरे नाहीत, मग निदान इतिहास तरी वाचावा म्हणून तो वाचत बसले. जुन्या जागी त्या बटणाकडे मी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. कोणी काय केलं हे मला माहीत आहे, अशी माझी पक्की समजूत होती ना!

नव्या जागी ओळ निवडली की तिचं सगळं चरित्र समोर येतं. मी टाचेची ओळ निवडली. तिथे आईचा जोड करायच्या आधीच्या शनिवारची नोंद आहे. टाचेचा आकडा वरच्या अर्ध्या सेंटीमीटरवर नेला, सुतार बारीक मापांवरून कुरकुर करतो. नोंद माझी आहे रे. माझं नाव, माझं वाक्य. सुतार तोंड वाकडं करतो म्हणून मी दोन मिनिटांत ती ओळ बदलली आणि विसरूनही गेले. एकवीसचे पंचवीस मी केले. तिच्यानंतरची नोंद तुझी. टाच पूर्ववत केली. एवढंच. कोणाची चूक, ते नाही.

तू दुरुस्त केलंस म्हणजे तू पाहिलं होतंस. आणि मी वॉर्डात तोंड सोडलं तेव्हा तू गप्प राहिलास. सहा वर्षं गप्प राहिलास. का रे? एकदा फेकायचंस माझ्या तोंडावर.

मला माफ कर म्हणायला मला जागा नाही, तरी म्हणतेय. आई आज असती तर तिच्यासमोर म्हटलं असतं.

तू लोभ ठेवच असं कुठल्या तोंडाने म्हणू?

तुझी
ताई

दि. १३ एप्रिल

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

पत्र लिहायची सवय गेली आहे, सांभाळून घे. तुझं चार दिवसांपूर्वी आलं. सात वेळा वाचलं.

हो, मला माहीत होतं. आई पडली त्याच संध्याकाळी मी इतिहास उघडला आणि तुझी नोंद सापडली. छापून घेतली. दुसऱ्या दिवशी वॉर्डात तू बोललीस तेव्हा तो कागद माझ्या खिशात होता. काढणारही होतो, हात खिशात गेला होता. पण तुझ्याकडे बघितलं आणि वाटलं, हिला हे आत्ता कळलं तर ही पुन्हा चामडं कापायची रापी हातात धरणार नाही. तुझ्या दाराशी सकाळपासून किती वाकडे पाय रांगेत बसतात, ते मी पाहिलेलं आहे. म्हणून राहू दिलं. राग नव्हता असं नाही. भरपूर होता, खोटं कशाला बोलू. आणि गप्प बसायची एकदा सवय लागली की माणूस शेऱ्यांवर भागवतो.

चूक माझीही आहे. तुझा प्रत्येक बदल तपासायचा हे आपलं ठरलेलं होतं. त्या शनिवारी माझ्याकडे शाळेतल्या पोरांचे पेपर तपासायला पडले होते, म्हणून मी ते सोमवारवर ढकललं आणि सोमवारी राहून गेलं. त्यानंतर मी तुझी एकही ओळ सोडलेली नाही, ती त्यामुळेच.

आता शेऱ्यांचं. जुनी मंडळी प्रत्येक शेऱ्याची आणि उत्तराची प्रत मेलवर पाठवत असत. तू दर शनिवारी मेल झाडूनपुसून टाकतेस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. मी एकही पुसलेली नाही. भिंगरी चौथी वेळ रडायला लागली तेव्हा तिला दाखवल्या. तिने मोजल्या. एक हजार एकशे बारा आहेत, त्यांतली चारशे सहा तुझी नुसती बरं आहेत.

नवी जागा मी बघितली. वेग कमी आहे, पण बाहेर पडायचा रस्ता सरळ आहे. माझं खातं उघडलंय. ओळ तीनशे अठरा चुकली आहे. तळपायाची कमान मोजताना तू डावा पाय दोनदा धरला आहेस. शेरा तिथेच लिहिणार होतो, पण राहू दे. रविवारी सकाळी येतो, तोंडी सांगेन.

लोभ होताच, तो आता कळावा.

तुझा
दशांश

दि. १६ एप्रिल (कार्डावर)

चि. दशांश यास आशीर्वाद.

बरं.

ताई