एकटीचं जेवण

प्रिय मनी,

आता मी बरी आहे, म्हणून सांगायला हरकत नाही. तुझे बाबा गेल्यापासून अंगातलं त्राणच गेलं होतं. नाटकाचे पोशाख शिवताना बोटं गार पडायची, भर दुपारी स्वेटर घालून मशीनवर बसायचे. मला वाटलं, थायरॉइडची ग्रंथी काढून इतकी वर्षं झाली, रोजची गोळी आता पुरत नसेल. डॉक्टरीणबाईंना म्हटलं, जरा वाढवून द्या.

त्यांनी रक्त तपासलं. म्हणाल्या, गोळी बरोबर आहे, पण गोळीतलं हार्मोन तसंच्या तसं फारसं कामाला येत नाही. यकृत आणि इतर अवयव त्यातला आयोडीनचा एक कण काढतात, तेव्हा कुठे ते कामाला लागतं. तुमच्या शरीराने तेच काम मंद केलंय. मी विचारलं, म्हणजे बिघडलं काय? तर म्हणाल्या, बिघडलं नाही, पोटात अन्न नसलं की शरीर आपणहून हात आखडतं. गोळी वाढवून भागणार नाही. तुम्ही जेवता काय?

चहा-बिस्किटं, म्हणाले, आणि तिथेच रडू आलं. एकटीसाठी गॅस पेटवावासाच वाटत नव्हता गं. पातेलं हातात घ्यायचे आणि परत ठेवून द्यायचे.

कामावर पोशाखांना इस्त्री करणाऱ्या काकूंना हे सांगितलं. त्या उपदेश करत बसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून आपला डबा उघडून माझ्या शेजारी बसायला लागल्या. सुरुवातीला घास नुसता तोंडात फिरायचा. मग एकदा मीच भाजी करून नेली. खारट झाली होती, पण काकूंनी मुकाट्याने संपवली. हळूहळू वजन भरलं, हातात ऊब आली. परवाच्या तपासणीत सगळं जागेवर आहे, गोळी तेवढीच. बाबांची आठवणही तेवढीच येते.

काल जावईबापूंचा फोन आला होता. त्यांच्यावर चिडू नकोस. बाळ गेल्यापासून तू ताट बाजूला सारतेस आणि विचारलं की थकले म्हणतेस, एवढंच त्यांनी सांगितलं. मी रजा टाकलीय, शनिवारी येतेय. समजूत घालायला नाही. बाळाबद्दल बोलावंसं वाटलं तर बोलू, नाही तर गप्प बसू. एकदा डॉक्टरांकडे जाऊन येऊ. परतीचं तिकीट काढलेलं नाही. तुला भूक लागेपर्यंत राहणार आहे.

तुझीच,
आई