दारावरचं वाकडं नाव

रविवार, संध्याकाळ. बोईसर.

दादांनी टीव्हीशेजारी दिनेशचाच टेम्पो ठेवला. माझा खोक्यातून परत आला.

दादांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, विकून टाकलेला मासळीचा टेम्पो, त्याचं छोटं मॉडेल आम्ही दोघा भावांनी आपापलं केलं. माझ्या रंगात तोंड दिसेल, दारावरच्या नावाचं डेकल, पाण्यात भिजवून चिकटवायचं स्टिकर, पट्टी लावून सरळ बसवलेलं. दिनेशचा रंग जाड, एक चाक डुगडुगतं आणि नाव चक्क वाकडं! मी हसलोसुद्धा.

दादा त्या वाकड्या नावावरून बोट फिरवत म्हणाले, "ह्यो माजा टेम्पो हाय. मी नाव लिवताना डबा तूच धरलेलास ना, दिन्या? हसवून हसवून माजा हात हलवलास."

मग माझ्याकडे वळून, "तुजा पन मस्त हाय. शोरूममदला वाटतो."

शोरूममधला! दादांनी नाव रंगवलं तेव्हा मी कुठे होतो? शिकायला बाहेर. मला कुणी सांगितलंही नाही. दिनेशला मात्र तो वाकडेपणा पाठ.

घरी येऊन डेकलवर ओला कापूस धरला, जरासं तिरकं करावं म्हणून. वरून लॅकरचा पारदर्शक थर मारलेला, पाणी आत शिरेना. नाव सरळच राहिलं.