नंबर दोनची जागा

सेलू, जि. वर्धा
१४ नोव्हेंबर २०२५

आदरणीय प्रेमदासकाका,

रूपराव हवालदारांचा मुलगा योगेंद्र याचा तुम्हाला व काकूंना नमस्कार. मी दुकानांच्या पाट्या रंगवतो. शिक्षण दहावीपर्यंतच झालं, पण शुद्धलेखन सांभाळतो. तरी चूक दिसली तर क्षमा करावी. आमच्याकडे सर्व ठीक आहे. पुलगावलाही थंडी पडली असेलच.

पत्राचं कारण आनंदाचं आहे. तुमच्या पॅराशूट तोफखान्याकडून एक जुनी तोफ सेलूच्या शाळेला मिळणार आहे. ३० तारखेला, रविवारी, ती मैदानात बसेल. त्या वेळी तुम्हा जुन्या तोफचींनी तिच्यावर एकदा कवायत करून दाखवायची आहे.

बाबांनी अंगणात तयारी सुरू केली आहे. बैलगाडीची दोन चाकं आणि त्यांवर बोअरचा पाइप, ही आमची तोफ. रोज संध्याकाळी गल्लीतली पोरं जमतात. बाबा त्यांना सांगतात की तोफखान्याला वेगळा झेंडा नसतो, तोफ हाच झेंडा. आणि तुमचा झेंडा विमानातून छत्रीने उतरायचा, मागोमाग तुम्ही. एकदा तोफ ज्वारीच्या शेतात पडली आणि तुम्ही शोधत पोचेपर्यंत शेतकऱ्याने तिच्या चाकाला म्हैस बांधली होती, हे ऐकून पोरं हसून लोळतात. ती म्हैस सोडताना तुम्ही लाथ खाल्ली, हे खरं का? बाबा रोज ती लाथ थोडी वाढवून सांगतात.

आई म्हणते, "तो पाइप थकला, पण तुमी नाई थकत."

परवा शेजारची वेदश्री, एनसीसीतली मुलगी, पाइपाच्या उजवीकडे जाऊन उभी राहिली. बाबा ओरडले, "तिथं नाई!"

"काऊन? जागा तर खाली हाय, काका."

"खाली नाई. तिथं नंबर दोन हाय."

"मले तर कोणी दिसून नाई राह्यलं."

"तुले दिसत नाई, मले दिसते."

मग बाबांनी हुकूम दिला, "नंबर दो!" आणि थांबले. गोळा आत गेल्यावर तोफेचं मागचं झाकण लावायला तुम्हाला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ. पोरांनी विचारलं, "झालं का, काका?" बाबा म्हणाले, "थांबा ना बे. त्याले घाई जमत नाई."

काका, बाबांनीच तुम्हाला बोलावलं आहे, असं मी लिहिणार होतो. पण ते खोटं झालं असतं. हे पत्र बाबांना ठाऊक नाही.

तुम्ही दोघं का बोलत नाही, हे मला आईने सांगितलं. त्या दिवशी उडीच्या वेळी विमानाच्या दारात तुमचे पाय थांबले. जमिनीवर आल्यावर बाबांनी सगळ्यांसमोर तुम्हाला भित्रा म्हटलं. तुम्ही युनिट सोडून गेलात. हा विषय काढायचा माझा अधिकार नाही. पण मला शिडीच्या तिसऱ्या पायरीवर घाम फुटतो. पाट्या मी खाली आडव्या ठेवूनच रंगवतो, आणि हे मी बाबांपासून लपवत होतो. मागच्या महिन्यात त्यांनी पाहिलं. मला वाटलं, आता तो शब्द माझ्या वाट्याला येणार. ते नुसते बाजूला बसले आणि म्हणाले, "खालीच रंगव. चांगली जमते." मग रंगाचा डबा माझ्याकडे सरकवत, "हे मले तवा समजाले पायजे होतं." ते माझ्याशी बोलत नव्हते, काका.

इथवर लिहिलं आणि बाबा मागे येऊन उभे राहिले. चष्मा लावून त्यांनी सगळं वाचलं. म्हशीच्या लाथेपाशी ते हसले. पुढे हसले नाहीत. कागद परत देताना म्हणाले, "तो शब्द माह्या तोंडून गेला, तो चुकीचा होता. असं लिही. माह्या नावानं लिही."

तसं लिहिलं आहे. मी विचारलं, आणखी काही?

"त्याले म्हण, तोफ आता जमिनीवरच राह्यते. या वेळी उडी नाई. एस.टी.नं येजो."

बाबांच्या सांगण्यावरून, आणि माझ्याही मनापासून,
तुमची जागा कोणालाही न देणारा,
योगेंद्र