हडसन फिंचेसचा खालचा आवाज

जर्सी सिटी, नोव्हेंबर २००६

प्रिय मोरेश्वर,

नवव्या मजल्यावरून, म्हणजे आयुष्यात प्रथमच तुझ्यापेक्षा उंचावरून, तुला आणि वहिनींना नमस्कार. घसा कसा आहे? (सुमित्रा म्हणते, प्रकृतीची चौकशी आधी करायची आणि मग आपलं पुराण लावायचं. चौकशी झाली.) आमचं ठीक चाललंय. यशोधन आणि सूनबाई सकाळच्या ट्रेनने मॅनहॅटनला जातात, सावनी शाळेत जाते, सुमित्रा एडिसनच्या देशी दुकानातून आणलेल्या मेथीला "ही मेथी नव्हेच" असं दरवेळी नव्याने सुनावते, आणि मी खिडकीत बसून श्रोत्यांसाठी झुरतो. चाळीस वर्षं सभा गाजवलेल्या माणसाशी इथे लोक लिफ्टमध्ये हवामानावर बोलतात, आणि हवामानावर मी ठाम भूमिका घेतली की पुढच्याच मजल्यावर उतरून जातात.

त्यातच ड्रायरचं प्रकरण झालं. इथे गॅलरीत दोरी बांधून कपडे वाळत घातले तर बिल्डिंगची अब्रू जाते, म्हणून तळघरात कपडे वाळवायची यंत्रं ठेवली आहेत. मी तिथे पेपर वाचत बसलो की कोपऱ्यातल्या यंत्रातून 'दूम, दूम' असा खोल आवाज यायचा, मध्येच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. जागरूक नागरिक म्हणून मी मॅनेजरला खाली आणलं. त्याने यंत्र उघडलं, आत डोकं घातलं, तेवढ्यात यंत्राआडच्या खुर्चीतून एक धिप्पाड कृष्णवर्णीय म्हातारा उठला आणि म्हणाला, "यंत्र ठीक आहे. तो मी आहे."

यशोधनला हे कळल्यावर तो म्हणाला, "बाबा, प्लीज, आत्ताच्या आत्ता जाऊन सॉरी म्हणा." सावनी म्हणाली, "आजोबा, ही इज अ पर्सन, नॉट अ ड्रायर!" मी गेलो. माफीची सुरुवात त्याच्या पूर्वजांना जहाजात कोंबलं तिथपासून केली. तो म्हणाला, "बसा. कपडे वाळायला वेळ आहे."

हा क्लॅरेन्स टिलमन. तरुणपणी 'द हडसन फिंचेस' नावाच्या पाच जणांच्या मंडळीत गायचा. त्या काळी रिदम अँड ब्लूज गाणाऱ्या अशा मंडळ्यांना पाखरांची नावं द्यायची टूम होती, आणि फिंच म्हणजे आपल्या चिमणीची चुलतबहीण. (टिलमनला पाहून चिमणी कोणाला सुचली असेल, हे मी विचारलं नाही.) वाद्यं जवळपास नाहीतच. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून गळ्यांनीच सगळं करायचं, आणि प्रत्येक गळ्याला स्वतःची वेगळी चाल. सगळ्यात खालचा आवाज टिलमनचा. नदीपलीकडच्या दिव्याकडे पाहत कोणाची तरी वाट पाहणारा माणूस, असं त्यांचं एक गाणं रेडिओवर थोडे दिवस वाजलं. मग तेच गाणं गोऱ्या पोरांनी गायलं आणि ते देशभर गाजलं. हे ऐकताच मी ड्रायरला व्यासपीठ करून या लुटीचा निषेध केला. कपडे वाळले तरी माझा निषेध चालूच होता. टिलमन घड्या घालता घालता म्हणाला, "गायले चांगले. फक्त त्यांचा खालचा आवाज घाई करत होता."

बाकीचे चौघे गेले होते. हा एकटा उरला, आणि तोही खालचा. "वरचं गाणं नसलं की नुसतं 'दूम' म्हणजे काय, ते तुम्ही अचूक ओळखलंत," तो म्हणाला. "ड्रायर." त्याचं हृदय थकलं होतं, डॉक्टरांनी फार आशा ठेवू नका म्हणून सांगितलं होतं. त्याला एकच हवं होतं. रेकॉर्ड नको, पण पाच आवाजांच्या मधोमध उभं राहून ते गाणं एकदा पुरं गायचं. मी तिथल्या तिथे शब्द दिला. (मी शब्द किती लवकर देतो ते तुला ठाऊक आहे.)

मराठी मंडळातून मी पुण्याचा चारुदत्त आणि नागपूरची शुभा यांना पकडलं. यशोधनला बापाच्या अधिकारात ओढलं, चौथा मी. रविवारी टिलमनच्या घरी जमायचं. तो प्रत्येकाला वेगळी चाल शिकवी, एकेकटे आम्ही बरे गात असू, आणि एकत्र सुरू केलं की उताराचं पाणी खड्ड्यात जमावं तसे चौघेही मुख्य चालीवर! अरे, आपल्या देवळात शंभर माणसं गातात तीही एका चालीत. दुसऱ्याची चाल ऐकू येत असताना आपल्या वेगळ्या जागी उभं राहायचं, हे आपल्याला चुकल्यासारखंच वाटतं. त्यात चारुदत्त गाणं शिकलेला, मोकळी जागा दिसली की तान. शुभा ओरडायची, "यार चारुदत्त, तुझी मैफल नाहीये ही!" टिलमन खोकला येईपर्यंत हसला. म्हणाला, "तुम्ही चौघं नाही. एकच माणूस चार वेळा आहात."

एका रविवारी एक ओळ जमली. एकच. पाच जण पाच ठिकाणी उभे राहिलो आणि कोणी पळालं नाही. खोली एकदम रुंद झाल्यासारखी वाटली. टिलमनने डोळे मिटले. मग चारुदत्तने आनंदाच्या भरात तान मारली. "बाकीचं पुढच्या रविवारी," टिलमन म्हणाला. पुढच्या रविवारी दार त्याच्या भाचीने, लॉरेटाने उघडलं, आणि तिच्या चेहऱ्यावरून आम्हाला समजलं.

चर्चमध्ये तिने मला दोन शब्द बोलायला सांगितले. (माझे दोन शब्द!) मी इंग्रजीत उभा राहिलो. पहिलं वाक्य टाकतो तोच मागून कोणीतरी म्हणालं, "वेऽल!" दुसऱ्या वाक्याला, "टेक युअर टाइम!" मोरेश्वर, माझ्या सभेत दगड आले आहेत, पण प्रेतासमोर हुल्लड मी पाहिली नव्हती. मी टेबलावर मूठ आपटली आणि गरजलो, "ज्यांना या माणसाचा मान ठेवायचा नसेल त्यांनी खुशाल बाहेर जावं!" सगळं चर्च एकदम म्हणालं, "येस, सर! आमेन!"

तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. अरे, ही झील होती! आपल्या कलापथकात मी शाहीर म्हणून ओळ फेकायचो आणि तू मागून 'जी जी रं जी' म्हणत ती झेलायचास, तीच. इस्लामपूर सोडल्यापासून माझ्या वाक्यामागे कोणी उभं राहिलं नव्हतं. पुढचं भाषण मला आलंच नाही. आपल्या शोकसभेच्या सवयीने म्हणालो, दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू. त्यांना ही पद्धत नवी असावी, पण उभे राहिले. मग जांभळ्या टोपीवाली एक म्हातारी टिलमनचं ते गाणं गुणगुणू लागली. दुसरीने दुसरी चाल धरली, मग तिसरी, चौथी. चारही आवाज वर चढले आणि खाली जमीनच नव्हती. ती जागा कोणी घेतली नाही. सगळे त्या रिकाम्या जागेभोवती गात राहिले. मीही गप्प उभा राहिलो. शब्द दिलेला माणूस, आणि तोंडात एक शब्द नाही.

तुझा,
दिगंबर

ता. क. सुमित्राने पत्र वाचलं. तिच्या मते मी गप्प नव्हतो. गाणं संपता संपता मी मोठ्याने 'दूम' केलं, ते उशिरा आलं, आणि त्याला सूर नव्हता. जांभळी टोपी म्हणे वळून म्हणाली, "टेक युअर टाइम, बेबी." मला आठवत नाही. पण सुमित्रा खोटं बोलत नाही.

आणखी ता. क. पत्र लिहायला बसण्याआधीच वहिनींचा फोन आला होता. घसा म्हणजे काय ते कळलं. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, हेही. तू लपवलंस यावर मी एक जळजळीत भाषण तयार केलं होतं, ते फाडून हे पत्र लिहिलं. ऑपरेशन टाळू नकोस, हे पहिलं. पण त्याआधी वहिनींना टेपरेकॉर्डर धरायला सांग आणि झील म्हणून ठेव. कलापथकातला एकनाथ गेला, त्याची ढोलकी गेली, आपण दोघेच उरलो. पोवाडा नको, माझ्या ओळी नकोत, शाहिराची जागा मोकळी सोड. फक्त तुझं 'जी जी रं जी'. नुसत्या झिलीला काय अर्थ, असं मला सांगू नकोस. कॅसेट आली की मी ती तळघरात कोपऱ्यातल्या ड्रायरशेजारी लावून बसेन, आणि कोणी तक्रार घेऊन आलं तर सांगेन, यंत्र ठीक आहे. तो मोरेश्वर आहे.