नुसतं लाकूड

१० जून २०२५, मंगळवार
वटपौर्णिमा. शेजारच्या बाया दरवर्षीसारख्या चर्चच्या आवारातल्या वडाला दोरा गुंडाळून गेल्या. मी चर्चच्या पंचांपैकी एक, तरी कधी हटकलं नाही. पण अकोल्याहून आलेले नवे पाळक विपुलसाहेब भडकले. "भाऊ, हे देवाचं अंगण हाये का झाडाचं? तोडून टाका!"

१२ जून
पंचांची बैठक. पाळक म्हणाले, निर्मात्याला सोडून निर्मितीला भजणं, हेच पाप. मी म्हणालो, आदामाला बागेत ठेवलं ते राखायला — तोडायला नाही! पंचांतले शेषरावमामा म्हणाले, "तुमी बी दोरा गुंडाळून राहिले का?" सगळे हसले. मीही हसलो. का हसलो?

शेवटी अट घातली. रविवारी मी मंडळीपुढे सांगायचं — झाडात पवित्र काही नाही, नुसतं लाकूड आहे. मग तारेचं कुंपण घालून झाड राहू देतील.

१४ जून
प्रार्थना मला आत बाकावर कमी येते, वडाखाली आवार झाडताना जास्त. हे आजवर कुणाला बोललो नव्हतो. आज बायकोला, साधनाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "बोलून मोकळे व्हा ना! चार शब्दायनं झाड वाचते. काहून एवढं मनावर घेता?"

१५ जून, रविवार
बोललो. झाड वाचलं.

२६ जून
वाचलं कसलं!

पाळक घरी आले, चहा घेतला. "नुसतं लाकूड हाये, तुमीच साक्ष देल्ली. मग ठेवून काय कराचं? तिथं सभागृह बांधू. मंडळीतले चारपाच जण मांगं सरत होते, तुमच्या बोलण्यानं तयार झाले." मनापासून आभार मानले त्यांनी. भांडले असते तर बरं होतं! तोडायची परवानगीही आणली आहे. सात जुलैला, सोमवारी, झाड कापायला आरेवाले येणार.

साधना कपबशा उचलून आत गेली.

६ जुलै, रविवार
प्रभुभोजनाची भाकरी वाटण्याआधी न विचारता उठलो. म्हणालो, "त्या दिवशी मी देवाच्या घरात खोटी साक्ष दिली. तो वड मला नुसतं लाकूड वाटत नाही. ज्याने तो लावला, तो मला तिथे भेटतो."

"मग आज तुमी घेऊ नका," पाळक हळूच म्हणाले. भाकरीचं ताट माझ्यापुढून तसंच पुढे गेलं.

साधनाने तुकडा उचलला होता. तो तिने परत ताटात ठेवला.